आठ महिने, पंचवीस पट्ट्या आणि दोनदा वाजणारा कोमल गंधार

२१ डिसेंबरच्या रात्री पावणेबाराला माझ्या कीबोर्डची बी फ्लॅटची काळी पट्टी एकदा दाबली की दोनदा वाजायला लागली. २४ तारखेला बडोद्यातल्या फतेहगंजात मैत्रिणीच्या कॉयरचा, म्हणजे गायकवृंदाचा, कार्यक्रम होता. त्यांच्या गाण्याआधी वाजवायला माझा एक तुकडा द्यायचं मी कबूल केलं होतं, आणि त्या तुकड्यात बी फ्लॅट, म्हणजे त्यातला कोमल गंधार, दर मापात (बारमध्ये) दोनदा येतो. कीबोर्डचा हा रिव्ह्यू लिहायचं तेव्हाच ठरवलं होतं. आता तो घेतल्याला आठ महिने झालेत, राग जरा निवलाय, म्हणून बसले.

वस्तू म्हणजे २५ छोट्या पट्ट्यांचा, यूएसबीवर चालणारा मिडी कीबोर्ड: कुठली पट्टी किती जोरात दाबली ते हा कॉम्प्युटरला कळवतो, आवाज तिकडे निघतो. नाव लिहीत नाही. ऑगस्टमध्ये ४,१५० रुपयांना दुकानातून घेतला. ऑनलाइन तीनशेने स्वस्त मिळत होता, पण बिघडला तर समोर माणूस असावा म्हणून जास्त मोजले. ते तीनशे अजून टोचतात.

एका पट्टीवरून एवढं का, हे कळायला माझा उद्योग सांगावा लागेल. जुन्या व्हिडिओ गेमची धून घ्यायची आणि ती दुसऱ्या चालीत विणायची, ही माझी हौस. जगभर हौशी लोक हे करतात, ओव्हरक्लॉक्ड रीमिक्सची साइट तर १९९९ पासून चालू आहे. डिसेंबर आला की नाताळच्या गाण्यांची पाळी येते. यंदा मी दोन चाली निवडल्या होत्या. पहिली गेमबॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावरच्या १९८९ च्या टेट्रिसची. तिचं मूळ 'कोरोबेयनिकी' हे रशियन लोकगीत, नेक्रासोवच्या १८६१ च्या कवितेवरचं. लहानपणी मांडवीतून आणलेल्या ब्रिक गेमवर मी तासन् तास ठोकळे रचले, पण त्यात नुसतं पीं-पीं होतं. खरी धून कॉलेजात ऐकली आणि त्या दिवसापासून ती डोक्यातून गेली नाही. दुसरी चाल 'कॅरल ऑफ द बेल्स'ची. ती युक्रेनची, मिकोला लेओंतोविचने बांधलेली 'श्चेद्रिक', १९१६ मध्ये कीव्हला पहिल्यांदा गायली गेली. मूळ शब्दांत घंटा नाहीत की नाताळ नाही. एक पाकोळी घरात येते आणि यजमानाला सांगते, बाहेर येऊन बघ, तुझ्या मेंढ्यांना कोकरं झालीत. घंटा आल्या त्या १९३६ मध्ये, पीटर विल्हाउस्कीच्या इंग्रजी शब्दांबरोबर. त्याच १९१६ साली संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी आपल्या बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली होती. हे बाबांना सांगितल्यापासून ते या कॅरलला 'परिषदेच्या सालातली' म्हणतात.

आता या दोन्ही चाली एकाच सावर ठेवून बघा. कॅरलचे चार सूर: ग रे ग सा, गंधार कोमल. अख्खं गाणं या चार सुरांच्या चाकावर फिरतं. टेट्रिसची सुरुवात: प, रे ग म, ग रे सा. इथेही गंधार कोमल. दोघींच्या पोटात तेच रे, ग, सा. एक फिरत राहते, दुसरी पंचमावरून उतरत त्याच घरात येते. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होते, मकरपुऱ्याच्या रस्त्यावर, आणि घरी पोचेपर्यंत दोन्ही एकावर एक गुणगुणत होते.

अडलं ते तालात. कॅरल तीनात चालते, टेट्रिस चारात. बरेच हौशी लोक एकीला वाकवून दुसरीच्या मापात बसवतात, मीही तेच केलं. कॅरलचा शेवटचा सा लांबवला आणि तिला चारात आणलं. ऐकायला गेलं तर चाक थांबून थांबून चालल्यासारखं वाटायला लागलं. चाल तीच आणि जीव मात्र गेलेला. आठवडाभर मी त्यालाच तासत बसले होते.

बाबा सुरसागरसमोरच्या म्युझिक कॉलेजात तबला शिकलेत, मौलाबक्षांनी १८८६ साली सुरू केलेल्या त्याच गायनशाळेत. एका रविवारी ते जेवणाच्या टेबलावर शेंगा सोलत होते आणि मी स्पीकरवर हे लावून ठेवलं होतं. त्यांचं बोट टेबलाच्या कडेवर चालू होतं, ते मध्येच थांबलं.

"अगं, तू हिला चौकोनात कोंबतेयस. ही दादऱ्यातली आहे."

"पण बाबा, दुसरी चारात आहे."

"असू दे की. ओळ किती मात्रांची आहे तिची?"

मी मोजल्या. सोळा.

"म्हणजे त्रिताल. सहा मात्रांच्या दादऱ्याची आठ आवर्तनं, सोळांच्या त्रितालाची तीन. अठ्ठेचाळिसाव्या मात्रेनंतर दोघी एकत्र समेवर येतील. तोवर थांब."

तोवर थांब, एवढंच. मी दोघींना आपापल्या तालात सोडून दिलं. त्या वेगळ्या होतात, एकमेकींना ओलांडतात, दर बारा मात्रांनी मापं पुसटशी जुळतात आणि ४८ मात्रा झाल्या की अशा येऊन मिळतात की अंगावर काटा येतो. या हौसेत मी आजवर जे काही केलं त्यात मला सगळ्यांत प्रिय हीच जागा आहे.

आवाज मी गेमबॉयच्या चिपच्या मर्यादेत ठेवते. चार वाटा: दोन पल्स (चौकोनी लहरीचे सूर), एक वेव्ह, एक नॉइज (नुसती खरखर). त्यासाठी मॅजिकल ८बिट प्लग हे फुकट प्लगइन वापरते. दोन पल्स एकाच सप्तकात ठेवल्या तर एकमेकींना गिळतात, म्हणून कॅरल वरच्या सप्तकात १२.५ टक्क्यांवर (लहर जितका वेळ वर असते तो वाटा), बारीक, जरा नाकातली. टेट्रिस खाली ५० टक्क्यांवर, भरीव. वेव्हवर खर्ज, सा, कोमल नि, कोमल ध, प असा उतरता. टेट्रिसखाली तिचा नेहमीचा पंचमाचा कॉर्ड लावला की कॅरलचा ग आणि सा बोचतो, या उतरत्या खर्जावर दोघीही बसतात. नॉइजवर फक्त समेला एक ठोका.

आता पट्टीकडे येते. कॉयर हे गाणं जी मायनरमध्ये गातं, म्हणून माझा सा जीवर. म्हणजे कोमल गंधार बी फ्लॅट. एका फेरीत कॅरलची १६ मापं, म्हणजे ३२ बी फ्लॅट, आणि तुकडा सहा फेऱ्यांचा. कुणी म्हणेल, एक माप वाजवून कॉपी-पेस्ट कर. केलं होतं. त्या चिपमध्ये आवाजाच्या १६ पायऱ्याच असतात, सूर आधीच कोरडे. त्यात सारखंच माप परत परत आलं की तिसऱ्या फेरीत कान मिटतो. हाताने वाजवलं की पहिला ग जरा ठाशीव येतो, दुसरा हलका, आणि चाक फिरतं राहतं. म्हणून मी ते हातानेच वाजवते, आणि हा कीबोर्ड त्यासाठीच घेतला होता.

त्या रात्री मिडी एडिटर (वाजवलेला एकेक सूर दाखवणारी खिडकी) उघडून बघितलं तर प्रत्येक बी फ्लॅटच्या पाठीला चिकटून दुसरा बी फ्लॅट, आणि तो पूर्ण १२७ च्या, म्हणजे सगळ्यांत जास्त, जोराचा. पहिला हलका, मागून थप्पड. पहाटे दोनपर्यंत मी ते एकेक करून पुसत होते. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. त्यांनी पट्टी दोनदा जोरात दाबली, दोन्ही वेळा नीट वाजली. मग म्हणाले, "बेन, आ तो कंपनी जोशे." म्हणजे हे कंपनीच बघेल. कंपनीचं सर्व्हिस सेंटर अहमदाबादला. फोनवर बिल मागितलं, मूळ खोका मागितला, व्हिडिओ मागितला. तीन व्हिडिओ पाठवले. उत्तर आलं की धूळ गेली असावी, हे वॉरंटीत बसत नाही, पट्ट्यांचा संच बदलायचे १,४०० पडतील, कुरिअर माझं. ४,१५० च्या वस्तूवर चार महिन्यांत १,४००. तरी कुरिअरचे ३८० घालून पाठवला, कारण समोर ठेवलं तर दिसेल असं वाटलं. (हे कार्यक्रमानंतर, २६ तारखेला.) जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो न उघडताच परत आला. न उघडता हे खात्रीने सांगते, स्क्रूवरचं सील जसंच्या तसं होतं.

कार्यक्रम पार पडला तो एका साध्या उपायाने, जो मला २२ तारखेच्या रात्री सुचला. ए मायनरमध्ये वाजवायचं. सी बी सी ए, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, बी फ्लॅटला हातच लागत नाही. मग रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं दोन सेमीटोन (अर्धे सूर) खाली. वीस मिनिटांत सहा फेऱ्या नीट वाजल्या. २४ ला कॉयरच्या गाण्याआधी तुकडा लागला, शेवटच्या समेवर त्यांनी जिथून उचलायचं ठरलं होतं तिथूनच उचललं, आणि मागच्या बाकावर बसलेल्या बाबांची मान बरोबर त्या मात्रेला हलली. नंतर कॉयरमधली एक काकू म्हणाली, या दोन चालींचे देश तिकडे लढतायत ना गं? मी हो म्हटलं. आम्ही दोघीही मग काही बोललो नाही.

इथपर्यंत लिहिलं असतं तर मी हा कीबोर्ड घेऊ नका म्हणून मोकळी झाले असते. पण उत्तरायणानंतरच्या रविवारी मी तो उघडला आणि माझं मत निम्मं तरी बदललं.

अकरा स्क्रू. ते काढलेल्या क्रमाने आप्पेपात्राच्या खळग्यांत ठेवले, कारण लांबी वेगवेगळी होती. पट्ट्यांखाली रबराची लांब पट्टी असते आणि प्रत्येक सुराला तिच्यावर कार्बनचे दोन ठिपके. एक आधी टेकतो, दुसरा नंतर. मधल्या वेळावरून तुम्ही किती जोराने दाबलं ते यंत्र ठरवतं. म्हणजे मध्ये काही अडकलं की सूर दोनदा वाजतो, आणि जोरही चुकीचा लागतो. बी फ्लॅटच्या ठिपक्याशी काळ्या प्लास्टिकचा एक कुरळा कीस होता, तिळाएवढा, साच्यातून पट्टी काढताना राहतो तसला. धूळ नव्हे. तो कारखान्यातूनच आत आलेला होता, आणि चार महिने सरकत सरकत नेमका त्या ठिपक्यापाशी पोचला होता. मी तो होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत ठेवलाय आणि त्याचा फोटो सर्व्हिस सेंटरला पाठवलाय. उत्तर नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलची १२० रुपयांची बाटली आणली, इअरबडने पन्नासच्या पन्नास ठिपके पुसले, वाळू दिले, लावून टाकलं.

त्यानंतर कीबोर्ड असा चालतोय की पहिल्या दिवशीही असा नव्हता. हलकं दाबलं तर हलकं, जोरात तर जोरात. म्हणजे आतला भाग चांगला आहे. वाईट आहे ती त्याला उघडून न बघण्याची वृत्ती.

बाकीचं थोडक्यात. पट्ट्या छोट्या आहेत, पण माझी बोटंही छोटी, मला त्रास नाही. ऑक्टेव्हची बटणं घट्ट आहेत. सोबतची केबल आखूड आणि ढिली. ती फेकून द्या, जुन्या फोनची चालते. सोबत आलेलं सॉफ्टवेअर मी एकदा उघडलं आणि बंद केलं. रीपर साठ दिवस वापरून बघितलं आणि मग ६० डॉलर भरून घेतलं. पाच हजारांच्या वर गेले, म्हणजे कीबोर्डपेक्षा महाग, आणि यातला एकही रुपया टोचत नाही. तीनाच्या आणि चाराच्या मापांची रांगोळी त्यात जशी मांडता येते तशी मला दुसरीकडे जमली नाही.

मार्चमध्ये खालची जीची पट्टी जरा दबकी वाजायला लागली. आता सवय झाली होती, अर्ध्या तासात उघडून, पुसून, बंद. तेव्हापासून तक्रार नाही. तरी पट्टी दाबताना माझा कान अजून दुसरा सूर येतोय का ते ऐकत असतो, आणि तो एक सेकंद मला या कंपनीने कायमचा दिलाय.

घ्यायचा की नाही? स्क्रूड्रायव्हर हातात धरायची तयारी असेल तर चार हजारांच्या आत घ्या, आणि ऑनलाइनच घ्या. दुकानातला माणूस काही कामाला येत नाही. तयारी नसेल तर अजून दोन-तीन हजार साठवा आणि मोठ्या पट्ट्यांचा बघा. कुठलाही घेतलात तरी आल्या दिवशी २५ च्या २५ पट्ट्या वीस-वीस वेळा दाबून बघा, अगदी हळू. दुकानदार दाबतात तसं जोरात नको, जोरात दाबल्यावर हा दोष लपतो. आणि मिडी एडिटर उघडा ठेवून बघा. कानाला एकच सूर ऐकू येतो तेव्हाही तिथे दोन दिसू शकतात.