शॉटगन की बटणाएवढी जोडी? गोव्याच्या पावसात आवाज टिपताना

जूनच्या पहिल्या सरी पडल्या की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच: रानातले आवाज टिपायला शॉटगन माईक, म्हणजे लांब नळीचा, एका दिशेला रोखायचा माईक घेऊ, की बटणाएवढ्या ओम्नी, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखंच ऐकणाऱ्या माईकची जोडी? मी आधी शॉटगन घेतली, मग जोडी. दोन्ही अजून घरात आहेत.

कागदावर म्हणाल तर भांडण नाहीच. माझ्या शॉटगनची, सेनहायझर एमकेएच 416 ची, स्वतःची खरखर 13 डेसिबल, जोडीतल्या प्रिमोच्या ईएम 272 कॅप्सूलची 14. रात्री चोर्ला घाटात तो एक डेसिबल माझ्या कानांना तरी कधी सापडला नाही. किमतीतला फरक मात्र लगेच सापडतो.

दूरच्या ओढ्यावर शीळ घालणाऱ्या कस्तुरावर शॉटगन रोखली की आजूबाजूची पाखरं मागे सरतात, हे खरं. पण बेळगावहून घाट उतरणारा ट्रक मागे सरत नाही. त्या लांब नळीची करामत वरच्या स्वरांपुरती; इंजिनाची घरघर बाजूंनी आत येतेच.

तरीही मी शॉटगनच वापरत राहिलो असतो. आड आला तो रेनकोट.

बेडूक आपली चाहूल लागताच गप्प होतात. दहा मिनिटं पुतळ्यासारखं उभं राहावं, तेव्हा एक झुडपी बेडूक टिक् टिक् सुरू करतो, पलीकडून दुसरा जोड देतो, आणि नेमकी तेव्हाच पोटरीवर जळू चढते. वाकलो की रेनकोट कुरकुरतो. पुन्हा सगळं चिडीचूप. एका अख्ख्या रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये निम्मा वेळ माझा रेनकोटच बोलतोय. स्टँडवर लावून निघून जा, असं म्हणाल. पण नळी रोखायची कुठे? बेडूक कुठल्या झुडपात बसणार, ते तो आधी थोडंच सांगतो?

जोडीला रोखायची भानगडच नाही. जाड बुंध्याच्या दोन अंगांना एकेक माईक रबरबँडने बांधायचा. बुंधा मधे आला की डावं-उजवं छान वेगळं होतं. रेकॉर्डर प्लास्टिकच्या डब्यात, सोबत पॉवरबँक आणि सिलिका जेलच्या पुड्या. 32-बिट फ्लोटवाला, म्हणजे हळू-मोठा कुठलाही आवाज न फाटता टिपणारा रेकॉर्डर असेल तर लेव्हल आधी जुळवायची चिंताही नको. मग खुशाल घरी जाऊन झोपा.

ओलीचं म्हणाल तर 416 उजवा. त्याची रचना रेडिओ फ्रीक्वेन्सीवर चालते, म्हणून तो दमट हवेला सहसा दबत नाही. जोडीतल्यासारख्या साध्या कंडेन्सर माईकला ओल धरली की करकर सुरू होते. मोरजीच्या वाऱ्यात किंवा घुमट वाजवणाऱ्याची मुलाखत घेतानाही मी शॉटगनच नेईन, केसाळ टोपडं घालून. पण पावसाळी रात्र असेल तर, मला वाटतं, आधी जोडीच घ्यावी.

आणखी एक, खास गोव्यापुरतं. पहिल्या पावसात शेताच्या कडेला टॉर्च आणि लांब दांडा घेऊन उभा असलेला माणूस म्हणजे बेडूक मारणाराच, असा लोकांचा समज. 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, तरी ते चालतं. शॉटगनच्या दिवसांत वाळपईच्या बाजूला एका स्कूटरवाल्याने थांबून विचारलं, "किती मिळाले?" मी काही न बोलता त्याच दिवशीचं रेकॉर्डिंग लावून हेडफोन त्याच्या कानांवर चढवले. थोडा वेळ ऐकून म्हणाला, "बेडूक ठीक आहेत, पण मधे प्लास्टिक कोण चुरगाळतंय?"