निम्म्या दरातला हेअरकट आणि टाळूवरचा कॅमेरा

स्वस्त हेअरकटची जाहिरात बघून नव्या सलूनमध्ये जायचा विचार असेल तर आधी हे वाचा. मी आणि माझी धाकटी बहीण एका दुपारी जेवढे पैसे तिथे देऊन आलो, तेवढ्यात आम्हा दोघींचे वर्षभराचे हेअरकट सहज झाले असते. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच. पण संताप येतो तो हे सगळं ठरवून, पायरीपायरीने केलं गेलं याचा.

जाहिरातीत हेअरकट निम्म्या दरात होता. फोनवर खात्री करून घेतली तेव्हा "हो मॅडम, तोच रेट आहे, या ना" असं उत्तर मिळालं. तिथे पोहोचल्यावर मात्र दराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. नाव, फोन नंबर, वाढदिवस लिहून घेतला आणि थेट बेसिनपाशी नेलं. केस धुता धुता तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, केस फारच ड्राय झालेत, मॉइश्चरचं लावू ना?" मान मागे टेकवलेली, तोंडावर पाणी उडतंय म्हणून डोळे मिटलेले, अशा वेळी कुणाच्याही तोंडून "हं" निघतं. तो "हं" बिलात स्वतंत्र ओळ होऊन येतो. माझ्या बिलात शाम्पू वेगळा, कंडिशनर वेगळा, ते मॉइश्चरचं वेगळं, केस वाळवणं वेगळं आणि वर "लांब केस" म्हणून आणखी एक आकार होता. जाहिरातीतला दर खांद्यापर्यंतच्या केसांसाठीच होता म्हणे. तसं बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं, पण ते काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर.

हे झालं किरकोळ. खरी कमाई ते करतात टाळू तपासून.

"फ्री स्कॅल्प चेकअप" म्हणून एकीने पेनासारखा छोटा कॅमेरा आणला आणि बहिणीच्या भांगावर टेकवला. समोरच्या स्क्रीनवर फिकट गुलाबी कातडी, त्यातून बाहेर आलेले दोरखंडासारखे जाड केस आणि प्रत्येक केसाच्या मुळाशी पिवळसर, ओलसर चमक. "हे बघा, सगळी रोमछिद्रं बंद झालीत. आत्ताच काही केलं नाही तर सहा महिन्यांत टाळू दिसायला लागेल." मग ओल्या केसांतून जोरात कंगवा फिरवला आणि हातात आलेला पुंजका तिच्यासमोर धरला. बहिणीचा चेहरा पार उतरला. तिचे केस खरंच गळत होते आणि त्या काळजीने ती आधीच खचलेली होती. तिथल्या बाईंनी तिच्या बोलण्यातून ते अचूक हेरलं.

स्क्रीनवर जे दिसलं ते कुणाच्याही डोक्यावर दिसतं. केसाच्या मुळाशी तैलग्रंथी असतात आणि त्यांतून तेलकट स्राव पाझरत राहतो. पन्नास, शंभर, दोनशे पट मोठं करून पाहिलं की निरोगी टाळूही भयंकर वाटते. तो तेलकटपणा साध्या शाम्पूने निघतो आणि त्याने टक्कल पडत नाही. पुंजक्याचंही तेच. रोज ५० ते १०० केस गळणं सर्वसाधारण आहे. दोन-तीन दिवस केस धुतले नाहीत की तेवढ्या दिवसांचे सुटलेले केस धुताना आणि विंचरताना एकदम हातात येतात. त्यात ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, त्यामुळे जोरात कंगवा मारला तर पुंजका हमखास निघणारच.

बहिणीला काही महिन्यांपूर्वी मोठा ताप येऊन गेला होता. पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. मोठं आजारपण, शस्त्रक्रिया, बाळंतपण, झपाट्याने उतरलेलं वजन यांनंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी केस भरपूर गळायला लागतात, कारण एरवीपेक्षा खूप जास्त केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत गेलेले असतात. बहुतेकांचं हे गळणं काही महिन्यांत आपोआप थांबतं आणि केस परत येतात. लोह किंवा थायरॉईडची तक्रार असेल तर ती रक्ततपासणीत कळते, कॅमेऱ्यात नाही. आता विचार करा, अशा माणसाला सहा महिन्यांचं हेअर स्पा पॅकेज विकलं तर काय होईल? केस आपोआप परत येतील आणि श्रेय सलूनला जाईल. ते गिऱ्हाईक दुसरं पॅकेजही आनंदाने घेईल. मला यातला हा भाग सगळ्यात क्रूर वाटतो. घाबरलेल्या माणसाची भीती वाढवायची आणि जे आपोआप बरं होणार होतं त्याचे पैसे घ्यायचे.

बहिणीच्या गळ्यात पॅकेज मारलं ते "आजच्या आज घेतलं तरच हा दर" असं सांगून. अंगावर ते काळं कापड, केस अर्धे कापलेले, कात्री त्यांच्या हातात. त्या अवस्थेत उठून जाणं कुणालाही जमत नाही आणि म्हणूनच बोलणी तेव्हा सुरू करतात.

माझ्यामागे केरॅटिनचा, म्हणजे केस गुळगुळीत आणि सरळ करण्याच्या उपचाराचा, लकडा लावला होता. "खराब झालेले केस आतून दुरुस्त होतात" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. टाळूच्या बाहेर आलेला केस हा मृत पेशींचा असतो. त्यावर थर देता येतो, तो काही काळ गुळगुळीत दिसतो आणि धुता धुता तीन-चार महिन्यांत निघून जातो. फाटे फुटलेला केस पुन्हा सांधत नाही, तेवढं टोक कापणं हाच उपाय. शिवाय केस सरळ करण्याच्या अशा बऱ्याच द्रावणांत फॉर्मल्डिहाइड किंवा तापवल्यावर ते सोडणारी रसायनं असतात. वरून गरम इस्त्री फिरवली की त्याचा वायू होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. शेजारच्या खुर्चीवर हेच चाललं होतं आणि माझे डोळे चुरचुरत होते. मी ठाम नकार दिला. तेवढा खर्च वाचला. पण ती मास्क न लावता दिवसभर तेच काम करणारी मुलगी डोळ्यासमोरून जात नाही.

पॅकेजचं पुढे काय झालं ते थोडक्यात. पहिल्या दोन-तीन वेळा बहिणीला छान वागवलं. मग वेळच मिळेना. आज गर्दी आहे, उद्या सीनियर सुट्टीवर आहेत, शनिवार-रविवारी पॅकेजवाल्यांना घेत नाही. शेवटी पाटी बदलली आणि "मॅनेजमेंट नवीन आहे, जुनी पॅकेजेस आमच्याकडे लागू नाहीत" असा मेसेज आला. माणसं बरीचशी तीच होती.

आता मी काय करते ते सांगते, कारण केस तर कापावेच लागतात. खुर्चीत बसण्याआधी, अंगावर कापड येण्याआधी, एकच प्रश्न विचारते: "माझ्या एवढ्या लांबीच्या केसांना सगळं मिळून किती होतील?" आकडा फोनवर मेसेज करायला सांगते. जे टाळाटाळ करतात तिथून परत येते. केस घरून धुऊन जाते. साध्या कटसाठी फवाऱ्याने केस ओले केले तरी पुरतं, बेसिनची गरज नसते. वाळवणं नको म्हणून सांगते.

वर्षाचा खर्च ठरतो तो मुख्यतः कोणता कट घेता यावर. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर किंवा किंचित जास्त वाढतात. मानेवर घट्ट बसणारा आखूड कट पाच-सहा आठवड्यांत बेढब होतो, तर एकाच लांबीचे खांद्याखालचे केस तीन-चार महिने सहज निघतात. हे कुठलंही सलून आपणहून सांगणार नाही. कपाळावरच्या बटा कापून घेतल्या असतील तर मधल्या काळात तेवढ्या बटा फुकट नीट करून देतात का, हे आधीच विचारा, बऱ्याच ठिकाणी देतात. आणि केशरचनेचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेत शिकाऊ मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली अगदी थोड्या पैशांत केस कापतात. वेळ जास्त लागतो, पण साधे कट उत्तम होतात. बहीण आता तिथेच जाते.

ज्यांचं असं पॅकेज अजून शिल्लक आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. बहिणीने पैसे कार्डाने भरले होते. पावती, राहिलेल्या वेळांचा हिशोब आणि "जुनी पॅकेजेस लागू नाहीत" हा त्यांचाच मेसेज जोडून तिने बँकेकडे सेवा न मिळाल्याची तक्रार केली आणि न वापरलेल्या भागाचे पैसे परत मिळाले. अशा तक्रारीला मुदत असते, त्यामुळे सलूनच्या "बघतो, कळवतो"वर महिने घालवू नका. मी माझं बिल रोखीने भरलं होतं आणि त्याची छापील पावतीही दिली नव्हती. त्यातलं काहीच हाती आलं नाही.