घरच्यासाठी कॅरम बोर्ड: आकार, प्लाय, पावडर आणि पुण्याचा पावसाळा

मुलांच्या सुट्टीसाठी, पावसात अडकलेल्या रविवारसाठी आणि पाहुणे आले की गप्पांच्या जोडीला घरात एकच वस्तू आणायची असेल, तर ती कॅरम बोर्ड असावी. आठ वर्षांची नात आणि सत्तरीतले आजोबा समोरासमोर बसून बरोबरीने खेळतील असे खेळ फार थोडे आहेत. एकदा खर्च केला की पुढची पंधरा-वीस वर्षं पावडर आणि अधूनमधून जाळ्या, एवढंच लागतं. पण बोर्ड हलका निघाला तर महिन्याभरात तो माळ्यावर जातो आणि दोष मात्र खेळावर येतो. म्हणून घेण्याआधी काय बघायचं, हे जरा सविस्तर.

आधी आकार. बाजारात साधारण तीन मापं दिसतात: 20 इंची, 26 इंची आणि 32 इंचांच्या पुढचा 'फुल साइज'. हा आकडा बहुतेक वेळा चौकटीसकट, म्हणजे बाहेरून बाहेर असतो. खिशात टेप ठेवा आणि आतली खेळायची जागा मोजा. स्पर्धेच्या बोर्डात ती 73.5 ते 74 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम 29 इंच असते. तुळशीबागेत खेळण्यांच्या दुकानांत मिळणारा छोटा बोर्ड चार-पाच वर्षांच्या मुलाला खेळणं म्हणून ठीक आहे, पण त्यावर पैसे घालवू नयेत असंच मत आहे. त्याची भोकं लहान, सोंगट्या लहान आणि स्ट्रायकर इतका हलका की फटका लागतच नाही. मूल मोठं झालं की त्यातली एकही गोष्ट मोठ्या बोर्डावर चालत नाही. 26 इंची बोर्ड दोघांना पुरतो. चौघं बसले की कोपर कोपराला लागतं आणि सोंगट्यांची गर्दी होते. जागा अगदीच कमी असेल तरच तो घ्या. फुल साइज बोर्ड कपाटामागे उभा राहतो, त्यामुळे वन बीएचकेमध्येही तो अडचण करत नाही. वजन मात्र आठ-दहा किलो भरतं. रोज उचलून ठेवणारं माणूस घरात कोण आहे, याचा विचार आधी करावा.

दुसरी गोष्ट प्लाय, आणि खरे पैसे इथेच जातात. नियमांप्रमाणे प्लाय किमान 8 मिलिमीटर जाडीचा हवा, आणि घरासाठीही तेवढाच पुरे. 4 मिलिमीटरचा बोर्ड स्वस्त पडतो, पण पहिल्याच पावसाळ्यात मधोमध बसतो आणि मग सगळ्या सोंगट्या आपोआप मध्यभागी सरकू लागतात. 12, 16 किंवा त्याहून जाड प्लायचे बोर्ड क्लबसाठी आणि रोज सराव करणाऱ्यांसाठी आहेत. घरात त्यांचा वेगळा फायदा जाणवत नाही, फक्त उचलताना पाठ बोलते. किमतीचं म्हणाल तर 26 इंची साधा बोर्ड साधारण हजार-दीड हजारात येतो आणि 8 मिलिमीटर प्लायचा मोठा बोर्ड अडीच ते चार हजारांत. दुकान, लाकूड आणि फिनिशप्रमाणे फरक पडतो.

खरेदीला स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमच्या गाळ्यांतली खेळसाहित्याची दुकानं सोयीची. तिथे बोर्ड आडवा टाकून खेळून बघता येतो, आणि ही सोय सवलतीपेक्षा मोलाची आहे. ऑनलाइन मागवलेला बोर्ड स्वस्त पडला तरी कोपऱ्यावर आपटून येण्याचा धोका असतो, आणि सांधा एकदा हलला की चौकट पुन्हा तशी बसत नाही.

दुकानात बोर्ड तपासायला दहा मिनिटं द्या. आधी रिकाम्या बोर्डावर कर्णाच्या रेषेत लोखंडी फूटपट्टी उभी धरायची, डोळा बोर्डाच्या पातळीवर आणायचा आणि पट्टीखालून उजेड दिसतो का ते बघायचं. मध्ये फट असेल तर प्लाय खाली बसलाय, कडेला फट असेल तर तो फुगलाय. दोन्ही कर्णांवर हे करायचं. मग पृष्ठभागावरून तळहात फिरवा. लाखेचा थर जिथे जाड झालाय तिथे हाताला किंचित चिकट लागतं, आणि नेमका तिथेच स्ट्रायकर वळतो.

मग चौकट. बेसलाइनवरून, म्हणजे स्ट्रायकर ठेवायच्या रेषेवरून, समोरच्या चौकटीवर सरळ, जोरात स्ट्रायकर मारायचा. चांगल्या बोर्डावर 15 ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोराने मारला की किमान साडेतीन फेऱ्या करतो: समोर जाणं ही पहिली, परत येणं ही दुसरी, पुन्हा समोर ही तिसरी आणि तिथून अर्ध्यापर्यंत. दुकानातल्या बोर्डावर पावडर नसेल तर चिमूटभर मागून घ्या, नाहीतर ही परीक्षा अन्यायाची होते. चारही बाजूंनी मारून बघा आणि कान द्या. घट्ट बसलेल्या चौकटीचा आवाज 'टक्' असा कोरडा येतो. 'ठप्' असा बोदा आवाज आला तर त्या बाजूचा स्क्रू ढिला आहे किंवा आत पोकळी राहिली आहे. एकाच बाजूचा रिबाउंड (चौकटीवर आपटून परत येणं) मेलेला असला तरी तो बोर्ड घेऊ नये, कारण रिबाउंडचा अंदाज बसला नाही तर मागच्या सोंगट्या काढताच येत नाहीत. शेवटी बोर्ड उलटा करा. खाली आडव्या-उभ्या पट्ट्या नीट ठोकलेल्या हव्यात. नुसताच प्लाय दिसला तर पुढच्या बोर्डाकडे वळा.

बोर्डाबरोबर फुकट मिळणाऱ्या सोंगट्या आणि स्ट्रायकर बहुतेक वेळा कामचलाऊ असतात. लाकडी सोंगट्यांचा वेगळा संच घेतलेला बरा. नियमांतलं माप असं: व्यास 3.02 ते 3.18 सेंटिमीटर, वजन 5 ते साडेपाच ग्रॅम. प्लॅस्टिकच्या सोंगट्या एकमेकींवर आपटून फार उसळतात, आणि कट मारताना लाकडी सोंगटी जशी रेषेत जाते तशी ती जात नाही. संचातल्या सगळ्या सोंगट्यांची उभी चळत करून बघा. एखादी जाड-बारीक असेल तर बाजूने लगेच कळते. स्ट्रायकरचा व्यास 4.13 सेंटिमीटरपर्यंत आणि वजन 15 ग्रॅमपर्यंत चालतं. भोक 4.45 सेंटिमीटरचं असतं, म्हणजे स्ट्रायकरला जेमतेम तीन मिलिमीटरची मोकळीक. तरीही तो नेमका आत जातो आणि फाऊल होतो, हा भाग वेगळा! मुलांसाठी थोडा हलका स्ट्रायकर घ्या. जड स्ट्रायकरने बोट दुखतं आणि मूल दोन दिवसांत खेळ सोडतं. त्यांना पहिल्यापासून एक सवय लावावी: बोट स्ट्रायकरला टेकवून मग ढकलायचं. लांबून टिचकी मारली की नखाला लागतं आणि दिशाही चुकते.

आता पावडर. कॅरमची पारंपरिक पावडर म्हणजे बोरिक पावडर. तिचे कण पापुद्र्यांसारखे एकमेकांवरून घसरतात, म्हणून सोंगटी पळते. घरातली टाल्कम पावडर वापरू नये. तिच्यातल्या सुगंधी द्रव्यांमुळे थोड्याच दिवसांत बोर्डावर चिकट थर बसतो. मक्याचं पीठ पहिल्या तासाला छान चालतं, पण दमट हवेत त्याच्या गुठळ्या होतात. पाव चमचा बोरिक पावडर पातळ सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधायची आणि ती बोर्डावर चार-पाच ठिकाणी हलकेच आपटायची. मग सोंगट्या हाताने गोल फिरवून पावडर पसरवायची. पांढरी रांगोळी दिसू लागली तर ती जास्त झाली. अशा वेळी सोंगटी पोहल्यासारखी भरकटते आणि धूळ नाकात जाते. खेळ संपला की कोरड्या सुती फडक्याने सगळी पुसून काढा, पुढच्या वेळी नवीन टाका. एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या: हीच बोरिक पावडर झुरळं मारायला वापरतात. ती पोटात जाता कामा नये. डबा वर ठेवायचा, खेळताना चिवड्याची वाटी बोर्डावर आणायची नाही आणि उठल्यावर हात धुवायचे. घरात रांगणारं मूल असेल तर बोर्ड वर्षभर लांबणीवर टाकलेला उत्तम.

पुण्यात बोर्डाचा खरा शत्रू जून ते सप्टेंबरची हवा. प्लाय ओल ओढतो, फुगतो, आणि बोर्ड भिंतीला तिरका टेकवलेला असेल तर त्याच बाकात वाळतो. म्हणून बोर्ड अगदी उभा, काटकोनात ठेवावा, तोही आतल्या भिंतीला. पावसाची झड ज्या भिंतीवर येते तिथे नको. वर प्लॅस्टिक घालू नये, आत ओल कोंडते. जुनी सुती चादर पुरते. ओल्या फडक्याने कधीही पुसू नये, तेल लावू नये, आणि वाळवायला म्हणून गच्चीवरच्या उन्हात तर टाकूच नये, कारण उन्हाने लाख तडकते. गणपतीच्या दिवसांत मंडळांच्या स्पर्धांमध्ये बोर्डावर टांगलेला पिवळा बल्ब पाहिला असेल. तो नुसत्या उजेडासाठी नसतो. 60 ते 100 वॉटचा जुना बल्ब खेळण्याआधी अर्धा तास लावून ठेवला की बोर्डावरची ओल जाते आणि सोंगटी पुन्हा पळायला लागते. एलईडी दिव्याने उजेड मिळेल, ऊब मिळणार नाही. घरी असा बल्ब लावणार असाल तर वायर आणि होल्डर मजबूत हवेत, आणि बल्ब मुलांच्या हाताच्या वर हवा.

बोर्ड कशावर ठेवता, यावरही त्याचं आयुष्य ठरतं. उलट्या बादलीवर ठेवलेला बोर्ड डुगडुगतो आणि सगळा भार एकाच जागी येऊन प्लायला बाक येतो. खालच्या पट्ट्यांना आधार मिळेल असं रुंद स्टूल किंवा कॅरमचा लोखंडी स्टँड घ्या. खुर्च्यांवर बसून खेळायचं तर उंची 63 ते 70 सेंटिमीटर. जमिनीवर मांडी घालून खेळणार असाल तर खाली चार पाट आणि पाटांखाली गोधडी घाला. सोसायटीत खालच्या मजल्यावर ठकठक ऐकू जाते, ती गोधडीने बरीच मरते. मग मध्यभागी काचेची गोटी ठेवा. ती ज्या बाजूला घरंगळेल, त्या बाजूच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवा. खेळ सुरू करण्याआधीची ही दोन मिनिटं पुढची निम्मी भांडणं वाचवतात.

नियमांचं भांडण टाळायचं असेल तर खेळाआधीच ठरवा. दोघं किंवा चौघं असतील तर शिस्तीचा खेळ: 9 काळ्या, 9 पांढऱ्या, राणी. ज्याच्या सोंगट्या आधी संपतील त्याला समोरच्याच्या उरलेल्या सोंगट्यांएवढे गुण, राणी त्याने कव्हर केली (राणीपाठोपाठ आपली सोंगटीही घेतली) असेल तर आणखी 3. 25 गुण किंवा 8 बोर्ड, म्हणजे आठ डाव, झाले की गेम संपला. गुण 21 च्या पुढे गेले की राणीचे 3 मिळत नाहीत, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं आणि नेमकं शेवटी वाजतं. तिघं असतील किंवा लहान मुलं असतील तर पॉइंट गेम बरा: काळी 10, पांढरी 20, राणी 50, एकूण 320. यात कोणतीही सोंगटी मारता येते, त्यामुळे लहानग्यालाही दर डावात काहीतरी मिळतं. राणी घेतली की लगेच पुढच्या फटक्यात कव्हर हवंच, नाहीतर ती परत मध्यभागी. हा नियम दोन्ही खेळांत ठेवा. राणी भोकात गेल्यावर आणि कव्हर लागेपर्यंत सगळं घर श्वास रोखून बसतं, ती मजा लहानांसाठी म्हणून कमी करू नये. ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी सांगायला हवं की कॅरमचे जगज्जेते योगेश परदेशी याच पुण्याचे.

दुरुस्ती फारशी नसते. जाळी फाटली तर क्रोशाच्या जाड दोऱ्याने घरीच विणता येते, चुका मात्र बारीक डोक्याच्या घ्या. जाड चुकेचं टोक प्लाय फोडून वर येतं. सोंगटीची कड उडाली असेल तर ती बदला, तिच्या ओरखड्याने लाख खराब होते. चौकटीचे स्क्रू वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत आवळले की झालं.

मत द्यायचं तर: 8 मिलिमीटर प्लायचा फुल साइज बोर्ड, वेगळ्या लाकडी सोंगट्या, हलका स्ट्रायकर. यात कुठे काटकसर करायचीच झाली तर ती स्टँडवर करा, प्लायवर नको. आणि सध्या तेवढा खर्च नको असेल किंवा घरात रांगतं बाळ असेल, तर शंभराच्या आत पत्त्यांचा एक जोड येतो. तिघांसाठी पाच-तीन-दोन: 8 पासून एक्क्यापर्यंत चारही रंगांची पानं, म्हणजे 28, त्यात इस्पिक आणि बदामच्या दोन सत्त्या. 30 पानं, प्रत्येकाला 10. पहिली पाच पानं वाटून झाली की पाच हात करणारा हुकूम बोलतो आणि मगच उरलेली पानं वाटायची.