आरसा की रंगमंच?
समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२मध्ये मांडलं: लोकांच्या नजरेत आपण कसे दिसत असू, या कल्पनेतूनच आपण स्वतःला ओळखतो. म्हणजे आरसा. दुसरे समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांचा १९५६चा मुद्दा रंगमंचाचा: प्रेक्षक बघून भूमिका, पडद्यामागे माणूस वेगळा.

ठाण्यात दोन्ही सापडतात. घोडबंदरच्या टॉवरमध्ये मी '१२०४वाले सर', मराठी वॉचमनशीही आधी हिंदीत बोलणारा. (का, ते विचारू नका.) इथं गॉफमन चपखल. नौपाड्यातल्या जुन्या चाळीत मात्र चाळिशी उलटली तरी 'बंड्या'. जिन्यावर पाय ठेवताच आवाजही बदलतो. तिथं पडदा टिकतच नाही, शेजारच्या काकू थेट स्वयंपाकघरात येतात. लिफ्टमधलं नाटक मी निभावतो. घडलो मात्र चाळीतल्या 'बंड्या' या हाकांनी. माझं मत कूलींना.