‘मंदिर शैलीतली सागवानी खुर्ची’ घेण्याआधी हे वाचा

परवा नेरुळच्या मावसबहिणीने एका प्रदर्शनाच्या जाहिरातीचा फोटो पाठवला. खाली विचारलं होतं, "ताई, तू बाबांसाठी घेतलीस ती हीच ना?" हीच. तीच शिखरासारखी पाठ, तोच वरचा कळस, फक्त विकणाऱ्याचं नाव वेगळं. दोन महिने मी हे लिहायचं टाळत होते. आता नवी मुंबईत आणखी कुणी फसायच्या आत लिहिते आहे.

आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. बाबा ७९ वर्षांचे, त्यांचं लहानपण अंबरनाथला गेलं. तिथल्या शिवमंदिराचा विषय निघाला की अजून त्यांचा आवाज बदलतो. पायऱ्या उतरून जायचा तो गार गाभारा, बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्ती, श्रावणातली गर्दी, सगळं त्यांना काल पाहिल्यासारखं आठवतं. यंदा त्यांचे गुडघे फारच दुखायला लागले. डॉक्टर म्हणाले, खाली बसणं बंद, उंच आणि हात टेकायला आधार असलेली खुर्ची घ्या. मे महिन्यात तलावपाळीजवळच्या एका हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन होतं, तिथे ही खुर्ची दिसली.

खुर्ची सुंदर होती, यात आजही शंका नाही. पाठीच्या मधोमध वर निमुळता होत गेलेला उभा पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना एकावर एक रचलेली छोटी छोटी शिखरं, मधल्या जागेत वेताची जाळी, हातांच्या टोकाला कीर्तिमुख, म्हणजे मंदिरांवर कोरतात तो सिंहासारखा उग्र चेहरा. सांध्यांना खिळा नव्हता. बैठक भोकाभोकांतून हाताने विणलेली होती. वाकून हुंगलं तर सागवानाचा तो ओळखीचा, किंचित चामड्यासारखा वास आला.

विक्रेता म्हणाला, "ताई, अंबरनाथच्या हेमाडपंती मंदिरावरून घेतलंय हे सगळं. शिखर हुबेहूब, कळसासकट. आणि लाकूड बल्लारपूरचं, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना गेलं ना, तेच."

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं सागवान मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येला खरंच रवाना झालं होतं. ती बातमी मी वाचली होती, म्हणून त्याचं बाकीचं बोलणंही मला खरं वाटलं. पण अंबरनाथचं मंदिर शिलाहार राजांच्या काळातलं, शिलालेखातला शक ९८२, म्हणजे इ.स. १०६०. ज्याच्या नावावरून ‘हेमाडपंती’ हा शब्द आला तो हेमाद्री यादवांच्या दरबारातला, तेराव्या शतकातला. आणि त्या मंदिराच्या शिखराचा वरचा भाग तर आज शाबूतच नाही, मग हुबेहूब कळस आणला कुठून? बाबांना एक फोन केला असता तर त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं असतं. पण मला त्यांना अचानक भेट द्यायची होती.

किंमत ३८,५०० रुपये. समोरची खुर्ची ‘नमुन्याची’ होती, आपली नवी बनवून महिन्याभरात घरपोच मिळणार होती. मी १५,००० रुपये यूपीआयने दिले. पैसे दुकानाच्या नावावर न जाता कुणा व्यक्तीच्या खात्यात गेले, तेव्हाही मी काही विचारलं नाही.

जूनच्या मधल्या आठवड्यात, भर पावसात, रात्री साडेआठला दोन माणसं खुर्ची घेऊन आली. ती नखशिखांत गुंडाळलेली. "पॉलिश ओलं आहे, आठ दिवस कापड काढू नका, डाग पडतील," असं बजावून उरलेले २३,५०० रुपये रोख घेतले आणि गेली. आठ दिवसांनी कापड काढलं तेव्हा घरभर पॉलिशचाच वास होता. लाकडाचा वास कसा कळणार? वजन भरपूर होतं, रंग तोच होता. बाबा बसले, हातांवरच्या कीर्तिमुखावरून बोटं फिरवत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

जुलैत पाठीवरची नक्षी फुगायला लागली. कडा पोहे भिजावेत तशा उकलल्या. ऑगस्टमध्ये मागच्या पायाखाली पिठासारखा बारीक भुसा दिसला. पुसला की दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आमच्या जुन्या वाड्यातल्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी खुर्ची उलटी केली आणि बैठकीच्या आतल्या बाजूला, जिथे पॉलिश नीट पोचलं नव्हतं, तिथे पटाशीने एक छिलका काढला. आतून लाकूड दुधट पांढरं. "पोरी, हे रबरवूड आहे, रबराच्या झाडाचं लाकूड. वरून सागाचा रंग मारलाय." सागाच्या गाभ्याचं लाकूड आतूनही सोनेरी तपकिरी असतं, हाताला तेलकट लागतं आणि त्याला सहसा कीड धरत नाही. रबरवूड वाईट नसतं, नीट औषध केलेलं असेल तर चांगलं टिकतं, हे काकांनीच सांगितलं. पण ते सागाच्या भावात विकायचं नसतं. वजनावर तर अजिबात जाऊ नका, रबरवूडही जवळपास तेवढंच भरतं.

पाठीवरची शिखरं कोरलेली नव्हतीच. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पातळ फळीतून यंत्राने कापून सरसाने चिकटवली होती. काकांनी आतले कोपरे दाखवले. यंत्राचं पातं गोल फिरतं, म्हणून प्रत्येक आतला कोपरा किंचित गोलच राहिला होता. हाताच्या पटाशीने कोपरा टोकदार निघतो, आणि दोन शिखरं कधी शंभर टक्के सारखी येत नाहीत.

वेताचंही तेच. खऱ्या वेताच्या पट्टीची एक बाजू गुळगुळीत चमकदार आणि उलटी बाजू खरखरीत, तंतू दिसणारी असते. ओलं फडकं ठेवलं की वेत पाणी पितो, मऊ पडतो. आमच्या जाळीच्या दोन्ही बाजू सारख्याच, आणि पाणी थेंब होऊन वर तसंच राहिलं. प्लॅस्टिक. तेही विणलेलं नाही, तयार जाळीचा तुकडा खाचेत दाबून बसवलेला.

मग मी बिल काढून नीट वाचलं. त्यावर लिहिलं होतं, ‘टीक फिनिश केन चेअर’. टीक फिनिश म्हणजे सागासारखा रंग. साग नव्हे. तोंडी ‘सॉलिड सागवान’ दहा वेळा म्हटलेला माणूस कागदावर ते एकदाही लिहीत नाही, तिथेच थांबायला हवं होतं. जीएसटी क्रमांकही पाहा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो. बिलावर पत्ता ठाण्याचा होता आणि क्रमांक २७ ने सुरू होत नव्हता. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला तर नाव भलत्याच कापडाच्या व्यवसायाचं आलं.

फोन तेव्हापासून बंद. बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ म्हणून परत आली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात अर्ज दिला. जिल्हा ग्राहक आयोगातही जाणार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे. त्या १५,००० च्या यूपीआय नोंदीमुळे निदान एक नाव तरी हातात आहे. रोख दिलेल्या २३,५०० चा कुठेच पुरावा नाही.

बाबांना मी खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "शिखर मोडकं आहे गं आपलं. कळस नाही त्याला." सध्या ते जुन्या लोखंडी खुर्चीवर उशी घेऊन बसतात. ही खुर्ची पुरावा म्हणून गॅलरीत झाकून ठेवली आहे. रोज सकाळी तिच्या पायाखालचा भुसा कागदावर गोळा करते, छोट्या बाटलीत भरते आणि बाटलीवर तारीख लिहिते.