पंधरा हजारांत पहिलं धनुष्य, आठ महिने वापरून

साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये मी फिटर आहे. व्हर्नियर आणि डायल गेज हाताळत २६ वर्षं गेली, त्यामुळे वस्तू घेतली की ती मोजून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. लेकीसाठी घेतलेलं धनुष्यही मी तसंच मोजलं. आमच्यासारख्या मोजक्या पैशांत बसवू पाहणाऱ्या आईबापांना उपयोग होईल म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

लेक चौदा वर्षांची. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली आणि त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम लढतीत १५० पैकी १५० मारले. हे टीव्हीवर पाहिल्यापासून तिचं एकच चालू होतं. शेवटी मुलुंडच्या एका मैदानावर शनिवार-रविवारच्या वर्गाला घातलं. पाच महिने ती तिथलंच, सगळ्या पोरांत फिरणारं धनुष्य वापरत होती. मग सर म्हणाले, आता हिचं स्वतःचं घ्या. घरात ठरलं, दिवाळीच्या बोनसचे १५,००० आहेत, धनुष्यापासून मेणापर्यंत सगळं त्यातच.

पहिले १,४०० रुपये मी फुकट घालवले, ते आधी सांगतो. धनुष्य घेण्याआधीच ऑनलाइन बारा कार्बन बाण स्वस्तात दिसले आणि मागवून टाकले. जाहिरातीत ‘हंटिंग’ लिहिलं होतं, सोबत पात्यांची तीन धारदार टोकंही आली. सरांनी ती टोकं बघितल्याबरोबर पिशवीत परत ठेवायला लावली. मैदानावर ती चालत नाहीत, टार्गेटचा फोम चिरून टाकतात. साधं टोक लावून लेकीनं वर्गातल्याच धनुष्यानं दहा मीटरवरून सहा बाण सोडले, तर सहाही मधल्या पिवळ्या वर्तुळाच्या डावीकडे, निळ्याच्याही बाहेर. पोरीला वाटलं आपलंच चुकतंय. चूक तिची नव्हती, बाणांची होती. ते का, हे मला नंतर दुकानात कळलं.

शिकारीच्या धनुष्याबद्दल एवढंच. गावाकडचा चुलतभाऊ फोनवर लगेच म्हणाला, ‘भाऊ, रानडुकरं भाताची नासाडी करतात, जरा दणकट घे, मे महिन्यात घेऊन ये.’ त्याचं नुकसान मला दिसतं, पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे ओढायला पंचेचाळीस-पन्नास पाउंडांचा जोर लागणारी, झाडपाल्याच्या रंगाची धनुष्यं कितीही सवलतीत दिसली तरी आपल्या कामाची नाहीत. शिकारीला ताकद जास्त लागते, म्हणून ती तशी बांधलेली असतात. शिकणाऱ्या पोरानं तेवढं जड ओढलं तर खांदा वर चढतो, हात थरथरतो आणि ती चुकीची सवय मग वर्षभर जात नाही.

दुकान धोबीतलावला आहे. सीएसएमटीला उतरायचं, महापालिका मार्गानं आझाद मैदानाच्या कडेकडेनं मेट्रो सिनेमापर्यंत यायचं, मग आतल्या गल्लीत. पाटीवर क्रिकेट आणि कॅरमच दिसतं, तिरंदाजीचं सामान पोटमाळ्यावर. काउंटरवरचे मामा साठीच्या आसपासचे. मी गेल्या गेल्या किंमत विचारली तर म्हणाले, ‘पैशाचं नंतर बोलू. आधी पोरीचे हात बघू.’ तिला भिंतीला पाठ टेकून दोन्ही हात पसरायला लावले आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत टेप धरली. १६० सेंटिमीटर, म्हणजे ६३ इंच. त्याला अडीचनं भागलं की सव्वापंचवीस. एवढी तिची ओढ, म्हणजे दोरी हनुवटीपर्यंत येते तेव्हाचं अंतर. मग तिला दोन्ही तळव्यांच्या मधल्या छोट्या फटीतून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं आणि एकेक डोळा मिटायला लावला. उजवा डोळा नेम धरणारा निघाला, म्हणजे उजव्या हाताचं धनुष्य. ह्या पाच मिनिटांतच माझं मत झालं की घ्यायचं ते इथूनच.

मामांनी तीन पर्याय पुढे ठेवले. एक बांबूचं, इंडियन राउंडसाठीचं, तीन हजारांच्या आतलं. राष्ट्रीय स्पर्धांमध्ये तो वेगळा गट असतो आणि ज्यांच्या वर्गात तेच शिकवतात त्यांनी बिनधास्त तेच घ्यावं. त्यात कमीपणा काही नाही. दुसरं कंपाउंड, चाकांचं, अदिती आणि ओजस वापरतात त्या जातीचं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येते आहे, म्हणून पोरांचा ओढा तिकडे. पण स्पर्धेच्या दर्जाचं घ्यायचं तर आकडा लाखाच्या घरात जातो. तिसरं ६२ इंची, सुटं होणारं लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य. तेच घेतलं, ९,८०० रुपयांना. ब्रँडचं नाव देत नाही, कारण ह्या घाटाची धनुष्यं वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि बघायच्या गोष्टी सगळ्यांत त्याच.

सुटं होणारं का? पैशांसाठी. मधली मूठ, जिला रायझर म्हणतात, ती तशीच राहते आणि वरची-खालची पाती दोन स्क्रूंवर बदलता येतात. पोरगी वाढली, ताकद आली की फक्त जड पाती घ्यायची. त्या जोडीचे दुकानात ४,५०० सांगितले. अखंड धनुष्य असतं तर दोन वर्षांत सगळंच नवं घ्यावं लागलं असतं. रायझरला साइट (नेम धरायची खूण), स्टॅबिलायझर (तोल राखणारा दांडा) आणि प्लंजर (बाणाला बाजूनं टेकणारी स्प्रिंगची पिन) लावायची पितळी आट्यांची भोकं आधीपासून आहेत का, तेही बघून घ्या. स्वस्तातल्या काही धनुष्यांत ती नसतात आणि नंतर लाकूड कोरणं हा उद्योग कुणी करू नये.

पात्यांवर २४ लिहिलंय. ते २४ पाउंड २८ इंच ओढल्यावरचे. माझी लेक सव्वापंचवीसच ओढते, आणि दर इंचाला साधारण दोन पाउंड कमी होतात. घरी बॅगा तोलायचा हुकाचा काटा आहे, तो दोरीला अडकवून तिच्या खुणेपर्यंत ओढला. ८.४ किलो, म्हणजे साडेअठरा पाउंड. हिशोब तंतोतंत जुळला तेव्हा मला फार बरं वाटलं. सरांनी अठराच्या आसपास सांगितलं होतं. धनुष्य घेताना पात्यावरचा आकडा बघून खूश किंवा नाराज होऊ नका, मुलाच्या ओढीवर काय भरतं ते काट्यावर बघा.

आता बाण. माझ्या मते अर्धं यश बाणात आहे आणि लोक तिथेच काटकसर करतात. बोटांतून दोरी सुटताना ती सरळ जात नाही, किंचित बाजूला सरकून जाते. त्या झटक्यानं बाण लवतो आणि रायझरला वळसा घालून पुढे जाऊन सरळ होतो. बाण धनुष्याच्या ताकदीपेक्षा कडक असला तर पुरेसा लवत नाही आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा बाण डावीकडे जातो. हा कडकपणा म्हणजे स्पाइन. २८ इंचांवर दोन आधार ठेवायचे, मध्ये ८८० ग्रॅम वजन टांगायचं आणि बाण किती खाली लवतो ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचं. अर्धा इंच लवला तर ५००, एक इंच लवला तर १०००. म्हणजे आकडा मोठा तेवढा बाण मऊ. हे मामांनी सांगितलं आणि मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये करूनच बघितलं. दोन व्ही-ब्लॉक, मध्ये वजन, खाली हाइट गेज. ऑनलाइन आलेले ‘हंटिंग’ बाण १२.६ मिलिमीटर लवले, म्हणजे ५०० चे. चाळीस-पन्नास पाउंडाला लागणारे बाण वर्गातल्या पोरांच्या हलक्या धनुष्यावर लावले होते. ते डावीकडे जाणारच.

दुकानातून १००० स्पाइनचे सहा कार्बन बाण घेतले, ३१० ला एक. तेही मोजले. सर्वांत कडक २४.९ आणि सर्वांत मऊ २५.८ मिलिमीटर. वजन ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर केलं, सहांत मिळून फरक एका ग्रॅमच्या आत. ३१० रुपयांच्या वस्तूत ही अचूकता मला पुरेशी वाटते. हिच्या ताकदीला १००० चा बाणही थोडा कडकच पडतो, पण ती वाढत्या वयाची आहे. म्हणून मामांनी ते २९ इंचांवर कापून दिले. लांब ठेवला की बाण जास्त लवतो, आणि ओढ वाढली तरी पुरतो. कापायचे पैसे घेतले नाहीत. हेक्सॉनं घरी कापू नका. कार्बनचे धागे फुटतात आणि ती पूड छातीत जाणं वाईट. आणि प्रत्येक फेरीआधी बाण कानाशी धरून हलका वाकवायचा. करकर आवाज आला तर तो बाण मोडूनच टाकायचा. तडा गेलेला कार्बन बाण सुटताना फुटला तर हातात घुसतो. लेकीला मी हे देवाला नमस्कार करण्यासारखं रोजचं लावून दिलंय.

बाकीचं सामान पटापट सांगतो. बोटांचा चामड्याचा टॅब ३५०, तिच्या बोटांना लांब पडत होता, मामांनी कात्रीनं कापून बसवून दिला. कोपरापुढच्या हाताचा आर्मगार्ड २५०. हा मी रेक्झिनचा घरीच शिवणार होतो, पण पहिल्या दिवशी दोरी लागून हातावर उठलेला काळानिळा वळ बघितला आणि विकतचा घेतला. बाण टेकवायचा, चिकटवायचा प्लॅस्टिक रेस्ट १२०, बाण दोरीत कुठे अडकवायचा त्या पितळी खुणा ६०. जादा दोरी ३५०, किंचित ताणणाऱ्या डॅक्रॉन धाग्याचीच. लाकडी धनुष्याच्या टोकांना न ताणणारी फास्टफ्लाइट दोरी झटके देते आणि टोकं तडकू शकतात. तुमच्या धनुष्याच्या कागदावर तसं स्पष्ट चालतं म्हटलं असेल तरच लावा.

दोरी चढवायचा स्ट्रिंगर ४००. साध्या दोरीच्या तुकड्याला ४०० का, असं मलाही वाटलं होतं. पण पायात अडकवून चढवताना पातं पिळतं, आणि एकदा पिळलं की ४,५०० गेले. हा खर्च टाळू नका.

भाता घेतला नाही. प्लंबिंगचा अडीच इंची पीव्हीसी पाइप, दोन टोप्या आणि जुन्या बॅगेचा पट्टा, झाली बाणांची नळी. लोकलमध्ये धनुष्य सुटं करून पाठीवरच्या बॅगेत आणि नळी खांद्यावर, रविवारी सकाळी भांडुपहून मुलुंडला जाताना कुणाला कळतही नाही. बाण उघडे घेऊन डब्यात कधीही चढू नका.

सगळं मिळून १३,१९०. फुकट गेलेले १,४०० धरले तर १४,५९०. उरलेल्या ४१० मध्ये दोरीचं मेण आणि तो पाइप आला.

आठ महिन्यांत तक्रारी दोन. धनुष्यासोबत आलेल्या दोरीच्या मधलं गुंडाळणं तिसऱ्या महिन्यात सैल झालं. मामांनी समोर बसून पुन्हा गुंडाळून दिलं, पण नव्या वस्तूत हे व्हायला नको होतं. दुसरी म्हणजे खालचं पातं जिथे बसतं त्या खाचेत लाखेचा एक ओघळ राहिला होता, त्यामुळे पातं केसभर तिरकं बसत होतं. मी बारीक पॉलिशपेपरनं तो ओघळ तेवढा काढला. तुम्ही दुकानातच जोडून, एका टोकाकडून डोळा लावून बघा. दोरी दोन्ही पात्यांच्या बरोबर मधून गेली पाहिजे.

दोरी आणि मूठ यांच्यातलं अंतर कागदावर साडेसात ते सव्वाआठ इंच दिलंय. दोरीला पीळ देत देत आम्ही आठवर आणलं, तिथे आवाज सर्वांत कमी येतो. पावसाळ्यात आमच्या घराच्या भिंती ओल धरतात, त्यामुळे धनुष्य कपाटात आडवं, दोरी उतरवून, कोरड्या फडक्यात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकदाही पात्याला पोपडा आला नाही. आणि बाण न लावता ओढलेली दोरी सोडायची नाही, हे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आधी सांगायचं. बाणात जायची सगळी ताकद मग पात्यात जाते. पाहुण्यांच्या हातात द्यायचंच नाही, हे त्याहून बरं.

लेक आता अठरा मीटरवर मारते. गेल्या रविवारी ८० सेंटिमीटरच्या टार्गेटवर तीस बाणांत ३०० पैकी १८७ आले. डावीकडचा ढीग गेला, बाण मध्याभोवती पडतात. पुढची खरेदी साधी साइट, तीही सर सांगतील तेव्हा.

मामांकडे जायचं असेल तर रविवारी दुकान बंद असतं आणि शनिवारी संध्याकाळी क्रिकेटवाल्यांची गर्दी. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला जा, आणि पोराला बरोबर घेऊन जा. नुसती उंची सांगितली तर ते धनुष्य देत नाहीत.