बाइकला आणि कारला एकच जीपीएस: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

नोकरी फिरतीची, घर गोव्यात फोंड्याला. आठवडाभर बाइकवरून साखळी-वाळपई नाहीतर केपें-सांगे, आणि रविवारी घरची मंडळी कारमध्ये घालून सावंतवाडी नाहीतर बेळगाव. त्यामुळे जीपीएस घ्यायचा तर दोन्ही गाड्यांना चालेल असा एकच, हे आधीच ठरलेलं. मार्चमध्ये हातात आला, आता दिवाळी उलटली, म्हणजे ऊन पण बघून झालं आणि पाऊस पण, आता लिहायला हरकत नाही. मॉडेलचं नाव टाकत नाही कारण तो नवीन मिळायचा बंद झालाय, आणि तसंही बघायच्या गोष्टी सगळ्या मॉडेलना त्याच. पाच इंची स्क्रीन, वॉटरप्रूफ, मुळात बाइकसाठी बनवलेला, गार्मिनची झुमो सिरीज येते ना त्या जातीचा, एवढं पुरे.

मोबाइल असताना हे कशाला, असं भेटेल तो विचारतो. कारमध्ये फक्त शहरात फिरायचं असेल तर खरंच नको, पैसे वाचवा. बाइकचं गणित वेगळं आहे. एप्रिलच्या दुपारी हँडलवर लावलेला मोबाइल तापून स्क्रीन अंधुक करतो आणि नेमकं वळण यायच्या वेळी काही दिसत नाही, पावसात तो प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये घालावा लागतो आणि मग आतून वाफ धरते, आणि वर इंजिनाची थरथर. अॅपलने तर २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की मोठ्या इंजिनाच्या बाइकच्या व्हायब्रेशनने आयफोनच्या कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं. वीस-पंचवीस हजाराचा मोबाइल असा हँडलवर हादरवायचा म्हणजे जिवावर येतं.

आणखी एक, जीपीएसला रेंज लागते हा गैरसमज अजून लोकांच्या डोक्यातून जात नाही. सॅटेलाइट वीस हजार किलोमीटरवर, त्यातले चार दिसले की पोझिशन मिळते, सिमकार्डाचा काही संबंध नाही. मोबाइलला पण लागत नाही, पण त्याचा मॅप आधी डाउनलोड करून ठेवलेला पाहिजे, आणि तो आपण ठेवत नाही, मग चोर्ल्यात नाहीतर नेत्रावळीच्या बाजूला रेंज गेली की पांढऱ्या चौकटीत निळा ठिपका बघत बसायचं. डिव्हाइसमध्ये सगळा मॅप आतच असतो. घाटात झाडीखाली पोझिशन थोडी इकडेतिकडे होते, ती कशालाही होणारच, पण घ्यायच्या आधी तो नुसत्या जीपीएसवर न चालता रशियाच्या ग्लोनासचे, युरोपच्या गॅलिलिओचे सॅटेलाइट पण पकडतो का ते बघा, घाटात फरक पडतो.

आता मुख्य मुद्दा. दोन गाड्यांना एक डिव्हाइस म्हणजे स्क्रीन किती मोठी, मेमरी किती, हे सगळं नंतर. आधी बघायचं की त्याला तुम्ही कशावर बसलायत ते कळतं का. आपल्याकडे याचं सगळ्यात सोपं उदाहरण पणजीचा अटल सेतू. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला, पाच किलोमीटरच्या वर लांबी, आणि दुचाकीला बंदी. रविवारी कारला लावलेला डिव्हाइस सोमवारी बाइकला लावला आणि मोड कारवरच राहिला तर पर्वरीला आतली बाई अगदी शांतपणे तुम्हाला सेतूवर चढायला सांगते. रोज जाणाऱ्याला कळतं, पण बाहेरचा माणूस सरळ चढेल. काही डिव्हाइस क्रेडल, म्हणजे गाडीवर डिव्हाइस अडकवायची बैठक, ओळखून मोड आपोआप बदलतात, म्हणजे बाइकच्या क्रेडलमध्ये बसवला की बाइक, कारच्या क्रेडलमध्ये बसवला की कार. माझा तसा आहे आणि एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्याला पैकीच्या पैकी मार्क देईन. फक्त पुलावरची बंदी मॅपमध्ये पण नोंदलेली असली पाहिजे, नाहीतर मोड बदलून काय उपयोग.

फेरीचं पण तसंच. बाइकच्या मोडमध्ये मी फेरी चालू ठेवलीय, रायबंदरहून चोडण नाहीतर केरीहून तेरेखोल, बाइक कुठेही कोपऱ्यात शिरते. कारच्या मोडमध्ये फेरी बंद. संध्याकाळी कारच्या लाइनीत मागे लागलो की पोरं भुकेने रडायला लागतात आणि बायको काही बोलत नाही, ते जास्त वाईट. दोन्ही मोडची सेटिंग वेगवेगळी राहते का हे दुकानात उभं राहून करून बघा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

बाइकचं वायरिंग. माझ्या डिव्हाइसची बॅटरी नावापुरती, दोन-तीन तासांत संपते, म्हणून बाइकच्या बॅटरीवरूनच पॉवर द्यावी लागते. क्रेडलच्या वायरीवर फ्यूज असतो, तो काढून टाकू नका. आमच्या मेस्त्रीने वायर हातात घेऊन पहिलंच सांगितलं, "डायरेक्ट लावूं नाका, बॅटरी बसतली." मग चावीवर चालू-बंद होणाऱ्या लाइनीवरून घेतली. चावी काढली की पॉवर बंद, विषय संपला. डायरेक्ट लावलेल्या एका मित्राची बाइक चार दिवस उभी राहिली आणि पाचव्या दिवशी ढकलत न्यावी लागली.

पावसाळा. वॉटरप्रूफ म्हणजे बहुतेक वेळा आयपीएक्स७ लिहिलेलं असतं, एक मीटर पाण्यात अर्धा तास, ही टेस्ट. ते खरं आहे, डिव्हाइसच्या आत पाणी गेलं नाही. जुलैमध्ये चोर्ला घाटात पाऊस आणि धुकं दोन्ही, पुढचा ट्रक फक्त लाल दिव्यावरून कळत होता, आणि स्क्रीनवर पुढचं वळण डावीकडे किती तीव्र आहे हे दिसत होतं, त्या दिवशी पैसे वसूल झाले. मोबाइलच्या स्क्रीनवर पाण्याचा थेंब पडून ओघळला की मॅप आपोआप सरकतो, झूम होतो, इथे तसं होत नाही, आणि भिजलेल्या ग्लव्हजनी पण बटण दाबलं जातं, जरा जोरात दाबावं लागतं एवढंच.

पण पाणी आत गेलं नाही म्हणजे सगळं ठीक असं नाही. क्रेडलमध्ये डिव्हाइस टेकतो तिथे बारीक स्प्रिंगवाल्या पिना असतात, पितळी. गणपतीच्या सुमाराला चार्जिंग मध्येच तुटायला लागलं, डिव्हाइस काढून बघितलं तर दोन पिनांच्या टोकाला हिरवट बुरशीसारखं काहीतरी, आणि एक पिन आत दाबली की वरच येईना. आपल्याकडची खारी हवा, दुसरं काय. जुन्या टूथब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासलं, सुकू दिलं, वरून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा, म्हणजे वीज न वाहणाऱ्या आणि पाणी अडवणाऱ्या ग्रीसचा, अगदी पुसट हात दिला, तेव्हापासून नीट चालतंय. बाइक उभी करून डिव्हाइस काढून खिशात टाकला की रिकामं क्रेडल पावसात उघडं राहतं, खरी भानगड तिथे आहे. क्रेडलला रबराचं झाकण येतं का विचारा, नसेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून घाला.

कारमध्ये त्रास वेगळा. सक्शन कप मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या कारमध्ये सुटतोच, काच साबणाने धुऊन, कोरडी करून लावला तर टिकतो, पण दुपारची कार तापली की भरवसा नाही. मी शेवटी डॅशबोर्डवर ठेवायचं वाळूच्या पिशवीसारखं जड बूड असलेलं माउंट घेतलं, मोल्याच्या पुढे अनमोड घाटात वळणांवर पण जागचं हलत नाही. डिव्हाइस मात्र कारमध्ये सोडून जाऊ नका, चोरी सोडा, तापून बॅटरी फुगते.

आवाजाचं आधी कुणी सांगत नाही. बाइकवाल्या बऱ्याच डिव्हाइसला आत स्पीकरच नसतो, कारण बाइकवर तो ऐकू येणारच नाही, ब्लूटूथने हेल्मेटमध्ये द्यायचा असतो. मग कारमध्ये बसवला की मुका. माझ्या कारच्या क्रेडलमध्ये स्पीकर आहे म्हणून निभावलं. बाईचे उच्चार मात्र ऐकण्यासारखे, म्हापशाला ती मापूसा म्हणते आणि पोरं मागे खिदळतात.

मॅपबद्दल. हा डिव्हाइस बोटीवर असलेल्या माझ्या मामेभावाने आणला, आपल्याकडे प्रत्येक घरात एक तरी तारवटी असतोच, आणि तिकडून आणलेल्या वस्तूचं जे होतं तेच झालं: आत युरोपचा मॅप, इंडियाचा नाहीच, आणि वॉरंटी तिकडची. मी मायक्रो एसडी कार्डावर ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेला, फुकट मॅप घातला. अपडेट सारखे येतात, आणि काही चुकलं असेल तर आपण स्वतः दुरुस्त करू शकतो, आमच्या वाड्याकडची वाट मीच टाकलीय. जुन्या मॅपचा सेकंडहँड घेणार असाल तर काणकोणात तपासा. चार रस्ता ते माशें हा बायपास नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला, मॅप त्याच्या आधीचा असेल तर तुम्ही नव्या पुलावर असता आणि स्क्रीनवर बाण शेतातून चाललेला असतो.

शोधताना स्पेलिंग जुनं पोर्तुगीज वळणाचं घाला, केपें क्यूने सुरू होतं, केने शोधत बसलात तर मिळणार नाही, आणि सावर्डे दोन आहेत, एक सत्तरीत आणि एक कुडचड्याच्या शेजारी, तालुका बघूनच दाबा.

पणजी, पर्वरी, म्हापसा या पट्ट्यात मी आजही मोबाइलच बघतो. कुठे ट्रॅफिक तुंबलंय, कुठला रस्ता कामासाठी बंद केलाय हे डिव्हाइसला आपलं आपण कळत नाही, मोबाइलशी जोडला तर थोडंफार कळतं पण उशिरा. सध्या शोधतोय ते कारचं दुसरं क्रेडल, भावाच्या कारसाठी. सुटं क्रेडल इथे कुणी ठेवत नाही आणि बाहेरून मागवायचं तर किंमत ऐकून गप्प बसावं लागतं, तेव्हा डिव्हाइस घेतानाच दोन्ही क्रेडल बॉक्समध्ये आहेत का ते बॉक्स उघडून बघा.